मिनेझिस ब्रागांझा : ४ जुलै १९३० च्या आधीची तीस वर्षं

पणजीत आझाद मैदानाजवळच्या इमारतीवर 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा' अशी पाटी आहे. व्याख्यानाला, चित्रप्रदर्शनाला आपण तिथे जातो. १८७१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आधी वास्को द गामाच्या नावाने ओळखली जायची. १९६३ मध्ये ते नाव उतरवून चांदरच्या एका पत्रकाराचं नाव तिला दिलं गेलं. या माणसाबद्दल मराठी वाचकाला साधारण एक वाक्य ठाऊक असतं: १९३० मध्ये पोर्तुगीज गोव्याच्या कौन्सिलात त्यांनी स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. भाषणांत, स्मरणिकांत, वर्तमानपत्री टिपणांत तेच एक वाक्य फिरत राहतं. वाक्य खरं आहे. पण त्यात कळस तेवढा दिसतो, पाया दिसत नाही. तो ठराव एका दिवशी धाडस अंगात येऊन मांडलेला नव्हता. तीस वर्षं छापखान्यात आणि सभागृहात जी तयारी झाली, तिच्यातून ती एक ओळ घडली. ही तयारी कळली नाही, तर ठरावातले शब्द नुसते गोड लागतात आणि त्यांची धार हाताला लागत नाही.

लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचा जन्म १५ जानेवारी १८७८ चा, दक्षिण गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या चांदर गावचा. हे चांदर म्हणजे भोजांचं आणि पुढे कदंबांचं चंद्रपूर. चर्चसमोरच्या चौकातलं तिथलं लांबलचक घर आजही पाहायला मिळतं. ब्रागांझा हे नाव आणि घर त्यांच्याकडे आजोळकडून आलं. घरात मोठा ग्रंथसंग्रह, पाठीशी जमीनजुमला. शिक्षण राशोलच्या सेमिनरीत आणि मग पणजीच्या लिसेवात. माणूस भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरातला होता, हे लपवून चालणार नाही. पोटासाठी सरकारी नोकरी धरावी लागली नाही, म्हणून लेखणी मोकळी राहिली. आणि त्याच कारणाने कुळांच्या आणि भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांच्या रोजच्या जगापासून त्यांचं राजकारण लांबही राहिलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

त्यांच्या लहानपणीचं सासष्टीचं राजकारण कसं होतं हेही बघायला हवं. 'पार्तिद इंदियानो' आणि 'पार्तिद उल्त्रामारिनो' असे दोन पक्ष होते. निवडणुका म्हणजे ख्रिस्ती समाजातल्याच दोन जातींची आणि दोन गटांची झटापट. २१ सप्टेंबर १८९० ला मडगावात पालिकेच्या निवडणुकीत सैन्याने गोळीबार केला आणि माणसं मेली. तेव्हा हा मुलगा बारा वर्षांचा होता. या राजकारणात हिंदूंना जवळजवळ जागाच नव्हती. नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतलेल्या मुलखातला, पेडण्याचा, सत्तरीचा, फोंड्याचा माणूस म्हणजे कर भरणारा, बस. गोव्यातलं विसाव्या शतकातलं राजकारण जुन्यापेक्षा वेगळं कुठे झालं हे पाहायचं, तर मोजायची गोष्ट एकच: जातीच्या आणि चर्चच्या पलीकडचा नागरिक कुणाच्या हिशेबात धरला जात होता?

२२ जानेवारी १९०० ला मेसियस गोम्स यांनी 'ओ हेराल्दो' काढलं. गोव्यातलं हे पहिलं पोर्तुगीज दैनिक. बावीस वर्षांचे मिनेझिस ब्रागांझा त्यांच्या जोडीला होते. दैनिक म्हणजे काय बदल, हे आज पटकन लक्षात येत नाही. साप्ताहिकात लेखक सवडीने लिहितो आणि विरोधकही सवडीने उत्तर देतो. दैनिकात सकाळी गव्हर्नरचं फर्मान आलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचं वाचन छापून लोकांच्या हातात. खिळे हाताने जुळवायचे, पानं थोडी, मजकूर आखूड. त्यामुळे फुलोरा गळून पडतो आणि मुद्दा राहतो. छोट्या, खिळे ठोकल्यासारख्या वाक्यांची जी सवय पुढे १९३० च्या ठरावात दिसते, तिची तालीम इथे झाली असं माझं मत आहे.

जुने कागद वाचणाऱ्याची पहिली अडचण इथेच येते. 'ओ हेराल्दो' आणि 'हेराल्दो' ही दोन वेगळी पत्रं. दुसरं आंतोनियो मारिया द कुन्हा यांनी १९०८ मध्ये काढलं. फरक फक्त सुरुवातीच्या एका स्वराचा, आणि तळटिपांतून तो स्वर सर्रास गळतो. 'हेराल्दोत असं छापून आलं' असं कुणी लिहिलं, तर आधी वर्ष बघा. १९०८ च्या पूर्वीचं असेल तर प्रश्नच नाही. नंतरचं असेल तर दोन्ही फायली काढाव्या लागतात.

५ ऑक्टोबर १९१० ला लिस्बनमध्ये राजेशाही पडली आणि प्रजासत्ताक आलं. गोव्यातल्या हिंदूंसाठी ही तारीख लिस्बनपेक्षाही मोठी ठरली. कायद्याच्या दृष्टीने धर्म बाजूला पडला, सरकारी नोकरीची आणि शिक्षणाची दारं उघडली. त्याआधीच पणजीत मुष्टिफंड (१९०८) सुरू झाला होता, शाळेसाठी घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून. फोंड्याला विद्याप्रसारक मंडळ उभं राहत होतं. १९१२ मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचं 'भारत' हे पत्र निघालं. मराठी वाचकाला ही बाजू घरातली वाटते, पोर्तुगीज बाजू परकी. पण त्याच काळात, १९११ मध्ये, मिनेझिस ब्रागांझा यांनी 'ओ देबाते' काढलं. दोन भाषांत, दोन वाचकवर्गांपुढे, एकाच दशकात एकच प्रश्न उभा होता: प्रजासत्ताकाने कागदावर दिलेली समता गावात उतरते की नाही?

गावात ती उतरते की नाही हे बघायचं ठिकाण म्हणजे कोमुनिदाद. आता थोडं हळू जाऊ, कारण त्यांच्या कारकिर्दीतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हा आहे आणि तो सगळ्यात कमी वाचला जातो.

कोमुनिदाद म्हणजे जुनी गावकरी, सामाईक जमिनीची गावसंस्था. शेतं, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), डोंगरपट्टे गावाच्या मालकीचे आणि ते लिलावाने कसायला द्यायचे. १९०४ च्या संहितेने या सगळ्याला नियमात बसवलं होतं. एका सासष्टीच्या कोमुनिदादीचं अंदाजपत्रक डोळ्यांपुढे आणा. जमेच्या बाजूला लिलावातून आलेला भाताचा खंड. तो कधी रोख, कधी खंडी आणि कुडव यांत धरलेला असतो. वीस कुडवांची एक खंडी. रोख रक्कम रुपयांत: एक रुपया म्हणजे सोळा तांगा, एक तांगा म्हणजे साठ रेइस. पोर्तुगालात १९११ मध्ये एस्कुदो आला, तरी इथे रुपया आणि तांगाच चालत राहिले. १९११ नंतरच्या गोव्याच्या आकड्यांपुढे एस्कुदो लिहिलेला दिसला, तर लिहिणाऱ्याने मूळ कागद पाहिलेला नाही असं खुशाल समजावं. इथे एस्कुदो आला तो पार पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस.

खर्चाच्या बाजूला पहिलं सरकारी देणं. मग बांध आणि मानस. खाजनात खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध आणि त्यांत लाकडी झडपांची दारं, म्हणजे मानस. भरतीचं पाणी अडवायचं, ओहोटीला आतलं सोडायचं. हे दुरुस्त ठेवलं नाही आणि एका पावसात बांध फुटला, तर शेतात खारं पाणी घुसतं आणि पुढची काही वर्षं भात नीट होत नाही. त्याखाली कुळकर्ण्याचा पगार, वसुलीचा खर्च. आणि मग एक ठळक खातं: 'कुल्तो', म्हणजे उपासना. चर्चची दुरुस्ती, पाद्रीला देणं, फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा, खर्च, चर्चच्या शाळेतल्या संगीतमास्तराचा पगार. हे सगळं भागून उरेल ते गावकारांत, म्हणजे गावकरीच्या वंशपरंपरेच्या हिस्सेदारांत, वाटायचं. पोर्तुगीज कागदांत त्याला 'जोनो' म्हणतात. उरलं नाही आणि तूट आली, तर उलट गावकारांवर पट्टी बसायची, तिचं नाव 'देर्रामा'.

आता यात खोट कुठे येते ते पाहा. उपासनेचा खर्च वर्षानुवर्षं ठरलेला. पीक बुडालं तरी तो कमी होत नाही. मग काटछाट कशात होणार? बांधात आणि जोनोत. शिवाय ही गावकरी मुळात शेतीची संस्था. धर्मांतरापूर्वी तिच्या जमिनी देवळांना लावून दिलेल्या होत्या. देवळं पाडली गेली आणि त्याच उत्पन्नाचा ओघ चर्चकडे वळला. गावात हिंदू राहत असले, किंवा गावकार पाखंडी विचारांचा असला, तरी सामाईक पैशातून मेणबत्ती एकाच वेदीपुढे लागायची.

पोर्तुगालात राज्य आणि चर्च यांना वेगळं करणारा कायदा २० एप्रिल १९११ चा. वसाहतींना तो लागू व्हायला १९१३ चा नोव्हेंबर उजाडला. आणि १९१४ मध्ये मिनेझिस ब्रागांझा यांचा 'कोमुनिदादी आणि उपासना' या विषयावरचा निबंध आला. या तारखा एकाखाली एक लिहून बघा, म्हणजे माणसाची पद्धत कळते. कायदा आला की तो आपल्या गावच्या हिशेबवहीवर ठेवून पाहायचा. निबंधाचा गाभा साधा आहे: राज्य निधर्मी ठरलं आहे, इथे अनेक धर्मांचे लोक राहतात, तेव्हा सार्वजनिक पैशातून एका धर्माच्या उपासनेचा खर्च करू नये. स्वतः ख्रिस्ती भाटकाराच्या घरातला माणूस सासष्टीत बसून हे लिहितो, म्हणजे रविवारी मिसाला भेटणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वैर घेतो. हिंदूंनी हे लिहिलं असतं तर त्याची 'हिंदूंची तक्रार' झाली असती. त्यांनी लिहिलं म्हणून तो तत्त्वाचा प्रश्न झाला. गोव्यातल्या मराठी वाचकाने त्यांचे आभार मानायचे असतील, तर १९३० च्या आधी इथे मानावेत.

आता सभागृहाकडे. इथे नावांचा मोठा गोंधळ आहे आणि तो सोडवल्याशिवाय त्यांची कौन्सिलातली कारकीर्द लागत नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये लिस्बनने वसाहतींच्या मुलकी आणि आर्थिक स्वायत्ततेची तत्त्वं घालून देणारे दोन कायदे केले. त्यावरून १९१७ मध्ये इथली 'कार्ता ऑर्गानिका', म्हणजे घटनापत्र, आलं. त्यात गव्हर्नरभोवती 'कोंसेल्यु द गोव्हेर्नु', सरकारी कौन्सिल. काही सभासद अधिकारी, काही निवडलेले. १९२० च्या कायद्यांनी यापुढे पाऊल टाकलं आणि विधिकौन्सिल वेगळं झालं. मग २८ मे १९२६ ला पोर्तुगालात लष्करी उठाव, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वसाहतींसाठी नवी तत्त्वं. वेगळं विधिकौन्सिल गेलं, पुन्हा सरकारी कौन्सिल आलं, अधिकाऱ्यांचं वजन वाढलं. 'विधिकौन्सिल' हे नाव पुन्हा दिसतं ते १९५५ च्या कायद्यानंतर, पण तोवर मिनेझिस ब्रागांझा जाऊन सतरा वर्षं झालेली.

म्हणून १९३० च्या ठरावासंबंधी मराठीत आणि इंग्रजीत जे 'लेजिस्लेटिव्ह कौन्सिल' लिहिलं जातं, ते ढोबळ नाव आहे. कागद शोधायला गेलात आणि या नावाखाली १९३० चं इतिवृत्त मागितलंत, तर रिकाम्या हाताने परताल. 'कोंसेल्यु द गोव्हेर्नु' म्हणून मागा.

दुसरा गोंधळ 'काँग्रेस' या शब्दाचा. १९१६ पासून गोव्यात 'कोंग्रेस्सो प्रोव्हिंसियाल' भरत असे आणि मिनेझिस ब्रागांझा त्यातले एक मोठे नाव. शब्द तोच, म्हणून काही जण त्याला राष्ट्रीय काँग्रेसची शाखा करून टाकतात. तसं काही नव्हतं. पोर्तुगीजमध्ये कोंग्रेस्सो म्हणजे परिषद. शेती, शिक्षण, अर्थकारण, कोमुनिदादी यांवर निबंध वाचायचे, चर्चा करायची, ठराव करून सरकारकडे पाठवायचे. राष्ट्रीय काँग्रेसशी जोडलेली संस्था वेगळी: त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये काढलेली गोवा काँग्रेस कमिटी. हे कुन्हा मिनेझिस ब्रागांझा यांचे मेहुणे. एकाच चांदरच्या घराशी दोन रस्ते येऊन मिळतात: एक पोर्तुगीज घटनेच्या चौकटीत उभं राहून हक्क मागणारा, दुसरा गोवा हिंदुस्थानचाच भाग म्हणून बोलणारा. १९२८ हेच वर्ष 'प्रकाश' या पत्राचंही आहे, ज्यात मिनेझिस ब्रागांझा यांनी अखेरच्या दशकातलं लेखन केलं. त्याचं नाव कागदावर 'क'साठी सी वापरून लिहितात, के वापरून नव्हे. के घालून शोधलंत तर संगणक 'नाही' म्हणतो, आणि पत्र तिथेच असतं.

आता ४ जुलै. सालाझार १९२८ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री झाले होते. १९३० च्या पूर्वार्धात वसाहत खातंही तात्पुरतं त्यांच्याकडे होतं, आणि त्याच काळात 'आक्तो कोलोनियाल'चा, वसाहत कायद्याचा, मसुदा निघाला. कायदा म्हणून तो ८ जुलै १९३० ला जारी झाला, हुकूम क्रमांक १८५७०. गोव्याचा ठराव ४ जुलैचा. चार दिवस आधीचा ठराव पाहून अनेकजण तारखेत चूक आहे असं समजतात आणि एक तारीख 'दुरुस्त' करून टाकतात. दुरुस्ती करू नका. कायदा होण्यापूर्वीच मसुदा प्रसिद्ध झालेला होता आणि ठराव त्या मसुद्याच्या विरोधात होता.

मसुद्याचं दुसरं कलम जवळ घेऊन वाचण्यासारखं आहे. त्याचा आशय असा: सागरापलीकडचे प्रदेश ताब्यात ठेवणं, तिथे वसाहत करणं आणि तिथल्या देशी लोकांना सुसंस्कृत करणं हे ऐतिहासिक कार्य पार पाडणं पोर्तुगीज राष्ट्राच्या 'सेंद्रिय सारतत्त्वात'च आहे, शिवाय पूर्वेकडच्या पाद्रोआदोने (पोपने पोर्तुगालला दिलेल्या चर्चच्या आश्रयाधिकाराने) नेमून दिलेला नैतिक प्रभावही ते गाजवतं. मूळ शब्द 'एसेंसिया ऑर्गानिका'. म्हणजे राज्य करणं हा पोर्तुगालचा निर्णय नाही, त्याचा स्वभावधर्म आहे. आग जाळते तसं पोर्तुगाल वसाहत करतो. निर्णय बदलता येतो, स्वभावधर्माशी वाद कसा घालणार? कायदा लिहिणाऱ्याने वादाची जागाच बुजवून टाकली होती.

यातले दोन शब्द गोव्यात विशेष बोचणारे. एक 'देशी लोक', 'इंदिजना'. आफ्रिकेतल्या वसाहतींत तो कायद्याचा दर्जा होता, कमी हक्कांचा. गोवेकरांना तो कायदा लागू नव्हता, ते नागरिक होते. आता एकाच कलमात सगळे एका माळेत. दुसरा शब्द पाद्रोआदो. १९१४ मध्ये मिनेझिस ब्रागांझा यांनी जो धागा तोडायला सांगितला होता, राज्य आणि चर्च यांच्यातला, तो राष्ट्राच्या स्वभावधर्मातच गुंफला गेला. याच कायद्याने मिशनांना सुसंस्कृतीचं साधन मानून सरकारी संरक्षण आणि मदतही देऊ केली. सोळा वर्षांपूर्वीचा निबंध आणि १९३० चा ठराव हे एकाच भांडणाचे दोन अंक आहेत ते असे.

ठरावाचं उत्तर एका वाक्याचं. मराठीत शब्दाला शब्द ठेवून: 'पोर्तुगीज हिंदुस्थान, आपल्या व्यक्तित्वाची पूर्णता गाठण्याचा आणि अखेर आपलं भवितव्य स्वतः चालवू शकणारे घटक बनण्याचा जो हक्क सगळ्या लोकांना आहे, तो सोडून देत नाही, कारण तो त्याच्या सेंद्रिय सारतत्त्वाचाच उपजत हक्क आहे.'

शेवटचे शब्द पाहा. 'एसेंसिया ऑर्गानिका'. कायद्याने जो शब्द पोर्तुगालसाठी वापरला, तोच उचलून गोव्यासाठी परत केला. तुमचा स्वभावधर्म राज्य करणं, तर आमचा स्वभावधर्म स्वतःचं भवितव्य चालवणं. आता दोन स्वभावधर्म समोरासमोर उभे, आणि बुजवलेली वादाची जागा पुन्हा उघडी. कलम २ शेजारी न ठेवता हा ठराव वाचला, तर ही गोष्ट निसटते. आपल्याकडच्या बहुतेक भाषांतरांत 'एसेंसिया ऑर्गानिका'चं 'जन्मसिद्ध हक्क' होऊन जातं, टिळकांच्या ओळखीच्या शब्दांत. वाचायला बरं वाटतं, पण परतवलेला बाण दिसेनासा होतो.

दुसरी बारीक गोष्ट क्रियापदाची. ठराव 'मागतो' असं म्हणत नाही. 'सोडून देत नाही' असं म्हणतो. मागणी केली की समोरचा ती फेटाळू शकतो आणि फेटाळल्याची नोंद होते. आपल्याकडे असलेलं सोडत नाही म्हणणाऱ्याला काय उत्तर देणार? आणि तिसरी गोष्ट: 'स्वातंत्र्य' हा शब्द त्यात कुठेही नाही. मराठीत 'स्वातंत्र्याचा ठराव' असं लिहिणारे चांगल्या भावनेने लिहितात, पण तो शब्द टाळण्यातच कसब होतं. शब्द असता तर राजद्रोह ठरला असता. तो नसताना अर्थ मात्र तिथपर्यंत जातो: आपलं भवितव्य स्वतः चालवणारा घटक म्हणजे आणखी काय?

यातून पुढे काय झालं, हे कठोरपणे सांगायला हवं. कायदा थांबला नाही. १९३३ मध्ये तो नव्या राज्यघटनेला जोडला गेला आणि त्याच वर्षी वसाहती साम्राज्याचं घटनापत्र आलं, सगळ्या वसाहतींना एकाच साच्यात बसवणारं. वर्तमानपत्रांना छापण्याआधी मजकूर तपासणाऱ्यापुढे ठेवावा लागे. ज्या दोन हत्यारांनी हा माणूस लढत होता, दैनिक आणि सभागृह, ती दोन्ही बोथट केली गेली. आणि तिसरं हत्यार, लोकांची गर्दी, त्यांनी कधी घडवलंच नव्हतं. लेखन पोर्तुगीजमधलं. ते वाचणारा वर्ग लहान, मत देणारा वर्गही लहान. डिचोलीच्या बाजारात किंवा काणकोणच्या देवळात तो ठराव मराठीत किंवा कोंकणीत कुणी वाचून दाखवेल अशी यंत्रणा त्यामागे नव्हती. ही उणीव माणसाची की काळाची, यावर मतभेद असू शकतात. मला ती त्या पिढीच्या राजकारणाची वाटते: सरकारला त्याच्याच भाषेत हरवण्यात सगळी ताकद गेली. १० जुलै १९३८ ला ते चांदरलाच वारले, साठाव्या वर्षी. मडगावात १८ जून १९४६ ला राममनोहर लोहियांच्या सभेला जमलेली गर्दी त्यांनी पाहिली नाही. त्यांची कन्या बेर्ता यांनी पुढे लेखणी आणि चळवळ दोन्ही हाती घेतली.

आता ज्यांना हे सगळं मूळ कागदांत पाहायचं आहे त्यांच्यासाठी. कागद मुख्यतः दोन ठिकाणी: पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आणि पुराभिलेख खातं. पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्रही उपयोगी.

जाण्याआधी नावाचे सगळे पर्याय वहीत लिहून घ्या. पोर्तुगीज सूचीत शेवटचं आडनाव आधी येतं, म्हणून 'बी'खाली पाहा, 'एम'खाली नव्हे. सापडलं नाही तर मग 'एम'. मिनेझिस हे 'झेड'नेही लिहिलेलं मिळेल आणि 'एस'नेही, कारण १९११ मध्ये पोर्तुगीज शुद्धलेखन बदललं. त्याच बदलाने राजपत्राच्या नावातल्या 'ऑफिसियाल'मधला एक 'एफ' गेला आणि 'पोर्तुगेझा'तला 'झेड' जाऊन 'एस' आला. इथले छापखाने नव्या लेखनाला हळूहळू वळले, त्यामुळे १९११ नंतरही काही वर्षं दोन्ही रूपं शोधावी लागतात. ब्रागांझामधलं शेपटीवालं सी संगणकाला नीट ओळखता येत नाही. तेव्हा नुसतं 'ब्रागान' इतक्याच रोमन अक्षरांनी शोधा. निकाल जास्त येतील, पण हवं ते सुटणार नाही.

राजपत्रात कायदे, हुकूम, नेमणुका, निवडणुकीच्या सूचना सापडतात. भाषणं तिथे शोधू नका. कौन्सिलातलं बोलणं इतिवृत्तांत, म्हणजे 'आक्तास'मध्ये, आणि त्यावरचा वाद वर्तमानपत्रांत. तिन्ही समोर ठेवूनच वाचायचं. इतिवृत्तात वाक्य गुळगुळीत झालेलं असतं, वर्तमानपत्रात ते रागावलेलं असतं, राजपत्रात फक्त त्याचा परिणाम. वर्तमानपत्रात एखाद्या स्तंभात विषय मध्येच तुटल्यासारखा वाटला, तर दुसऱ्या दिवशीचा अंक लगेच पाहा. तपासणीच्या काळात मजकूर कापला जाई आणि लेखक तोच मुद्दा वेगळ्या मथळ्याखाली पुन्हा आणू शकत असे.

कोमुनिदादींच्या वह्या वाचायच्या असतील तर एका गावची सलग दहा वर्षं घ्या, दहा गावांचं एकेक वर्ष घेऊ नका. उपासनेचा खर्च स्थिर आणि बांधाचा खर्च खालीवर, हे सलग वर्षांतच दिसतं. बांधावरचा खर्च एखाद्या वर्षी एकदम चढला, तर त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत तो किती कमी होता ते पाहा.

आणि १९३० साठी ग्रंथपालाकडे नुसती जुलैची फाइल मागू नका. जुलैत फक्त शेवट आहे. एप्रिलपासूनचे अंक मागा, कलम दोनचा मसुदा कागदावर उतरवून शेजारी ठेवा, आणि तो शब्द, 'एसेंसिया ऑर्गानिका', पहिल्यांदा कोणत्या तारखेला कोणत्या पानावर दिसतो ते शोधत पुढे या.